मोटारीस जुनें इंजिन घ्यावें कीं न घ्यावें?

विहिरीवर ऑईल इंजिन चालत असे तो काळ आमच्या वयाच्या शेतकऱ्यांस चांगला आठवतो. गांवांत वीज आली होती, पण ती भरंवशाची नव्हती. म्हणून आमच्या वडिलांनीं शेजारच्या गांवांतून एक वापरलेलें इंजिन विकत घेतलें. घेण्यापूर्वीं त्यांनीं तें विकणाऱ्याच्याच विहिरीवर दोन तास चालवून पाहिलें, पाटाला पाणी किती पडतें तें पाहिलें, धुराचा रंग पाहिला, आणि मगच पैसे मोजले. जुनी वस्तु घेण्यांत कमीपणा आहे असें त्यांस कधींहि वाटलें नाहीं. न पाहतां घेण्यांत मात्र वाटे.

आज विहिरीवरचें तें इंजिन गेलें आणि बहुतेक बागाईतदारांच्या दारांत मोटार आली. ती आठ-दहा वर्षें चालली कीं केव्हांतरी तिच्या इंजिनाचा मोठा बिघाड होतो. अशा वेळीं मिस्त्री सांगतो, “हें दुरुस्त करण्यांत अर्थ नाहीं, एखादें जुनें इंजिन आणून बसवूं.” हा सल्ला मानावा कीं न मानावा? आमच्या घरीं हा प्रसंग आला त्याची हकीकत आणि त्यांतून आम्ही जें शिकलों तें वाचक बंधूंपुढें ठेवीत आहों.

घडलेला प्रकार

आमच्या वडील बंधूंची डीझेलची मोटार सन २०१३ ची आहे. बंधूंस मूत्रपिंडाचा विकार असल्यामुळें आठवड्यांतून दोन वेळां, मंगळवारीं व शुक्रवारीं, डायालिसिसकरितां सांगलीस न्यावें लागतें. गांवापासून सांगली तीस किलोमीटर. उपचार झाल्यावर त्यांस धड उभें राहवत नाहीं, एस. टी. च्या थांब्यावर ताटकळणें तर दूरच. तेव्हां ही गाडी आमच्या घरीं चैनीची वस्तु नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

सन २०२३ च्या ऑक्टोबरांत एका सायंकाळीं पुतण्या एकटाच तालुक्याहून परत येत असतां इंजिनांत मोठा आवाज झाला व गाडी बंद पडली. ट्रॅक्टरला दोर बांधून ती गॅरेजांत ओढून नेली. मिस्त्रीनें झांकण काढून पाहिलें तों टायमिंग बेल्ट निसटलेला.

ज्या वाचकांस हा भाग परिचित नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. इंजिनांत पिस्टन खालींवर होतात व त्यांच्या माथ्यावरील हेडांत व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडतात व मिटतात. दोहोंचा मेळ कांहीं इंजिनांत सांखळीनें व कांहींत दांतेरी रबरी पट्ट्यानें राखलेला असतो. हा पट्टाच टायमिंग बेल्ट. साधारणतः ६० हजार ते १ लाख किलोमीटरांच्या दरम्यान, कंपनीनें त्या गाडीस सांगितलें असेल त्याप्रमाणें, तो बदलावा लागतो. तो तुटला किंवा निसटला तर झडप उघडी असतांनाच पिस्टन वर येतो आणि तिच्यावर आदळतो. डीझेलच्या इंजिनांत पिस्टन व झडपा यांमधील जागा फारच थोडी असल्यामुळें हा आघात बहुधा चुकत नाहीं.

आमचा बेल्ट आठ महिन्यांपूर्वीं त्याच गॅरेजांत नवा घातला होता. तो शाबूत होता. परंतु त्यास ताण देणाऱ्या चाकाचें, म्हणजे टेन्शनरचें, बेअरिंग जाम झालें होतें व त्यानें बेल्ट बाहेर फेकला होता. मिस्त्रीचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “भाऊसाहेब, काम माझ्या हातचं. वाद नको. मी मुंबईहून दुसरं इंजिन आणून बसवतो. चार दिवसांत गाडी दारांत. तुम्ही एक पैसा देऊं नका.”

पुतण्या तात्काळ म्हणाला, “काका, हो म्हणा. फुकट मिळतंय, आणि अण्णांची मंगळवारची पाळी तोंडावर आलीय.”

आम्हीं इंजिन येऊं द्यावें असें सांगितलें, परंतु तें पाहिल्यावांचून बसवूं नये अशी अट घातली. तीस वर्षें महसुलाच्या कचेरींत कारकुनी केल्यावर एक गोष्ट अंगीं भिनते. घाईनें अंगठा उठविणारा पुढें दहा वर्षें हेलपाटे घालतो. सातबाऱ्याचा उतारा न पाहतां जमीन घेणारा जसा फसतो तसाच इंजिनाचा उतारा न पाहतां इंजिन घेणारा फसेल, असें आमच्या मनानें घेतलें. इंजिनासहि उतारा असतो. तो म्हणजे त्याच्या अंगावर ठोकलेला नंबर.

पहिला प्रश्न : हें कोणाचें?

तिसऱ्या दिवशीं इंजिन आलें. आम्हीं प्रथम नंबराची जागा फडक्यानें पुसून पाहिली. आंकडे होते, पण त्यांच्या भोंवतालचा पत्रा कानस मारल्यासारखा चकचकीत होता व दोन आंकडे इतरांहून खोल ठोकलेले दिसले. सोबत एक हातचिठ्ठी होती. तींत “एक इंजिन, ५५ हजार रुपये” इतकेंच लिहिलेलें. कोणत्या गाडीचें, त्या गाडीचा मालक कोण, नंबर काय, कांहींच नाहीं.

सन १९३० च्या माल विक्रीच्या कायद्याचें मूळ तत्त्व असें आहे कीं, विकणाराची जेवढी मालकी असेल त्याहून अधिक मालकी घेणारास मिळत नाहीं. इंजिन चोरीच्या गाडीचें निघालें तर पैसे मोजूनहि तें आपलें होत नाहीं. शिवाय चोरीचा माल आहे हें ठाऊक असून, किंवा तसें मानण्यास जागा असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणें तो गुन्हा आहे. कानस मारलेला नंबर डोळ्यांनीं पाहिल्यावर “आम्हांस ठाऊक नव्हतें” असें म्हणण्यास तोंड राहत नाहीं. उत्तर प्रदेशांत मेरठ येथील सोतीगंज नांवाचा जुन्या सुट्या भागांचा बाजार चोरीच्या गाड्या मोडण्यासाठीं कुप्रसिद्ध झाला होता, आणि डिसेंबर २०२१ मध्यें पोलिसांनीं तेथील दुकानें बंद करविलीं. प्रत्येक जुना भाग चोरीचाच असतो असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. सचोटीनें हा धंदा करणारे पुष्कळ आहेत. पण सचोटीचा व्यापारी कागद देण्यास कचरत नाहीं.

म्हणून ज्या गाडीचें इंजिन असेल तिचा नोंदणी क्रमांक, तिच्या नोंदणी प्रमाणपत्राची नक्कल, ती मोडीत काढल्याचा पुरावा, आणि इंजिन नंबर लिहिलेलें पक्कें बिल, इतके कागद मागावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची “वाहन समन्वय” नांवाची सोय आहे. तींत इंजिनाचा किंवा चासीचा नंबर घालून तें वाहन चोरीच्या नोंदींत आहे कीं काय हें पाहतां येतें.

मिस्त्रीस राग आला. “अशीं वीस इंजिनं बसवलीं, भाऊसाहेब. आजवर कुणी विचारलं नाहीं.” आम्हीं म्हटलें, “विचारलं नाहीं हें खरं. पण उद्यां नाक्यावर गाडी अडली तर मी अण्णांना घेऊन रस्त्यांत उभा राहीन, तुम्ही नव्हे.”

दुसरा प्रश्न : हें आमच्याच गाडीचें आहे काय?

बाहेरून सारखीं दिसणारीं इंजिनें आंतून सारखीं असतातच असें नाहीं. एकाच नांवाच्या गाडीचें इंजिन चार वर्षांत बदललेलें असतें. देशांत १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हीं धुराचीं मानें सर्वत्र लागूं झालीं. त्यांबरोबर इंजेक्टर, सेन्सर, धूर शुद्ध करणारीं यंत्रें आणि गाडीचा संगणक हीं बदलत गेलीं. नव्या इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरास स्वतःचा सांकेतिक क्रमांक असतो व तो गाडीच्या संगणकांत भरावा लागतो. तेव्हां त्याच बनावटीचें, त्याच इंधनाचें, त्याच धुराच्या मानाचें आणि शक्य तों त्याच सालाचें इंजिन असावें. “बसतंय कीं” हें उत्तर पुरेसें नाहीं. बसतें पुष्कळ, चालतें थोडें.

तिसरा प्रश्न : त्याची प्रकृति कशी आहे?

सुट्या इंजिनास किलोमीटरचें घड्याळ नसतें. “फक्त पन्नास हजार चाललंय” हें विक्रेत्याचें वाक्य म्हणून कवडीमोलाचें आहे. त्याचा पुरावा इंजिनाच्या अंगावरच शोधावा लागतो.

सर्वांत उत्तम म्हणजे तें मूळ गाडींतून उतरविण्यापूर्वींच चालवून पाहावें, तेंहि थंड असतांना, कारण गरम इंजिन आपले दोष झांकतें. निळसर धूर निघाला तर तें ऑईल जाळतें. पांढरा धूर बराच वेळ राहिला तर पाणी आंत शिरत असेल किंवा डीझेल नीट जळत नसेल. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. ऑईल भरण्याचें झांकण काढून जोराचा वारा व धूर वर येत असेल तर रिंगा झिजल्या असें समजावें.

इंजिन उतरविलेलें असेल तर तें पान्यानें हातीं फिरवावें. चार टप्प्यांच्या इंजिनाचें एक आवर्तन दोन फेऱ्यांत पुरें होतें, म्हणून पुऱ्या दोन फेऱ्या फिरवाव्या. मध्यें कोठें अडतां कामा नये. ऑईल काढून पाहावें. तें ताकासारखें दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे. ऑईल फिल्टर कापून त्याच्या कागदांत चकाकणारा धातूचा कीस सांपडला तर बेअरिंग गेलें असें धरावें. मग प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. डीझेलच्या चांगल्या इंजिनांत तो साधारणपणें दर चौरस सेंटिमीटरास २५ ते ३० किलो असतो. नेमका आंकडा त्या गाडीच्या पुस्तकांत मिळतो. परंतु आंकड्याहूनहि महत्त्वाचा तो सिलिंडरांमधील मेळ. त्यांत शेंकडा दहापेक्षां जास्त तफावत दिसली तर तें इंजिन घेऊं नये.

आमच्या भागांत आणखी एक सावधगिरी हवी. सन २०१९ च्या ऑगस्टांत व पुन्हा २०२१ च्या जुलैंत कृष्णा-पंचगंगेच्या महापुरांत शेंकडों गाड्या बुडाल्या. अशा गाड्यांचीं इंजिनें मोडून बाजारांत येतात. चालत्या इंजिनांत पाणी शिरलें असेल तर तें दाबलें जात नाहीं आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. तें तेव्हां चालूं झालें तरी पुढें दगा देतें. ऑईलच्या तळभांड्यांत व पाण्याच्या वाटांत बारीक गाळ दिसला तर समजावें कीं ह्यानें पूर पाहिला आहे.

आणि बसविण्यापूर्वीं टायमिंग बेल्ट व त्याचा टेन्शनर, पाण्याचा पंप, ऑईल सीलें, गास्केटें हीं नवीं घालावीं, व क्लच प्लेट पाहून घ्यावी. इंजिन बाहेर असतांना हें काम सोपें जातें. एकदां बसल्यावर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. म्हणजे “फुकट” इंजिनाचाहि खर्च असतोच.

चौथा प्रश्न : कागदांचें काय?

गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रांत इंजिन नंबर लिहिलेला असतो. इंजिन बदललें आणि कागद तसाच राहिला, तर गाडी व कागद यांचा मेळ तुटतो. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ ह्याच विषयाचें आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता घेऊन प्रमाणपत्रांत नव्या इंजिनाची नोंद करून घेतली पाहिजे. जमिनीचा व्यवहार झाल्यावर फेरफार नोंदवावा लागतो, तसाच हा फेरफार. बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास सन २०१९ च्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ प्रमाणें सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. विमा कंपनीसहि लेखी कळवावें. नाहींतर अपघाताच्या वेळीं नंबर जुळत नाहीं म्हणून दावा अडकण्याचें भय राहतें. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचें ना-हरकत पत्र आधीं घ्यावें.

पांचवा प्रश्न : बिघडल्यास जबाबदार कोण?

मिस्त्रीस आम्हीं विचारलें, “हें इंजिन सहा महिन्यांत गेलें तर?” तो म्हणाला, “मी आहे कीं.” तो मनानें वाईट नव्हता, पण “मी आहे कीं” ह्याची मुदत किती, त्यांत मजुरी धरली कीं नाहीं, हें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. हमी लेखी असावी; तींत मुदत, किलोमीटर, भाग व मजुरी हीं चारहि नमूद असावींत. पक्कें बिल असेल तर सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें तक्रार करतां येते, व १९१५ ह्या क्रमांकावर सल्लाहि मिळतो. बिल नसेल तर तक्रार उभी करणें फार कठीण जातें.

शेवटीं आम्हीं काय केलें

पहिल्याच प्रश्नावर तें इंजिन नापास झालें. पुढच्या चारांची गरजच उरली नाहीं. आम्हीं तें परत पाठविण्यास सांगितलें आणि आमचेंच इंजिन उघडावें असें ठरविलें. हें काम वास्तविक पहिल्या दिवशींच व्हावयास हवें होतें. आपलें इंजिन किती मोडलें आहे हें पाहिल्याशिवाय दुसऱ्याची चर्चाच करूं नये.

हेड उतरविलें. सोळा झडपांपैकीं नऊ वांकल्या होत्या. पिस्टनांच्या माथ्यावर खुणा उमटल्या होत्या, पण भेगा नव्हत्या. चारहि पिस्टन अगदीं वर आणून त्यांची उंची डायल गेजनें मोजली. ती सारखी भरली, म्हणजे रॉड वांकले नव्हते. हेड सांगलीस लेथवाल्याकडे नेऊन त्याची सपाटी पाहिली व पाण्याच्या दाबाखालीं त्याची परीक्षा केली. तेंहि शाबूत होतें. थोडक्यांत, ज्यास मिस्त्री भंगार म्हणत होता तें आमच्या परिचयाचें, आमच्या नांवावरचें, तीन हिश्श्यांनीं निरोगी इंजिन होतें.

सामानाचा खर्च ३१ हजार ४०० रुपये निघाला. तो कोणीं द्यावा ह्यावर आम्ही मिस्त्रीशीं बोलत असतां तो गप्प बसला व पुतण्याकडे पाहूं लागला. पुतण्यानें मान खालीं घातली. मग गोष्ट उघड झाली. आठ महिन्यांपूर्वीं मिस्त्रीनें बेल्टाबरोबर टेन्शनरहि बदलूं या असें सुचविलें होतें. त्याची किंमत २ हजार २०० रुपये. पुतण्यानें “तो चालतोय, राहूं द्या” असें सांगितलें होतें. मिस्त्रीनें हें आम्हांस तोंवर सांगितलें नव्हतें. घरांतल्या माणसांत भांडण लागूं नये म्हणून सगळा दोष स्वतःवर घेऊन तो इंजिन बदलून देण्यास निघाला होता.

आम्हांस आमच्या तोऱ्याची लाज वाटली. नंबराबाबत आमचें म्हणणें बरोबरच होतें, परंतु नुकसानभरपाईवर आमचा जो हक्क आम्ही गृहीत धरला होता तो निम्माहि खरा नव्हता. आठ महिन्यांपूर्वींचें बिल आम्हीं मागितलें असतें, आणि त्यावर “टेन्शनर बदलण्यास मालकाचा नकार” एवढे शब्द असते, तर हा गैरसमज एका क्षणांत मिटला असता. शेवटीं असें ठरलें कीं सामानाचे पैसे आम्हीं द्यावेत व १२ हजारांची मजुरी मिस्त्रीनें सोडावी. ती निम्मी तरी घ्यावी असा आम्हीं आग्रह केला. त्यानें ऐकलें नाहीं.

गाडी सोळा दिवसांनीं घरीं आली. त्या काळांत बंधूंच्या पांच खेपा झाल्या. दोन वेळां शेजाऱ्यानें आपली गाडी दिली, तीन वेळां भाड्यानें नेली, त्याचे ५ हजार ४०० रुपये झाले. हाल झाले नाहींत असें नाहीं. चार दिवसांचें वचन सोडून आम्हीं सोळा दिवस पत्करले, हें बंधूंच्या अंगावर आलें, आमच्या नव्हे. त्यांनीं एका शब्दानेंहि तक्रार केली नाहीं, फक्त पहिल्या दिवशीं गाडींत बसतांना बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, “आपलंच आहे ना हें?”

आमचें मत

जुनें इंजिन घेऊंच नये असा ह्या लेखाचा अर्थ कोणीं काढूं नये. आमच्याच गांवांतील एका द्राक्ष बागाईतदाराच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोंक पडलें होतें. तेथें दुरुस्तीस जागाच नव्हती. मागून धडक बसून निकामी झालेल्या एका गाडीचें इंजिन त्यांनीं तिच्याच मालकाकडून, चालवून पाहून, कागदांसह घेतलें, परिवहन कार्यालयांत नोंद केली, आणि २०२१ सालीं बसविलेलें तें इंजिन आजहि त्यांची ने-आण करीत आहे. आमचा ब्लॉक किंवा क्रँक मोडला असता तर आम्हींहि तोच मार्ग धरला असता.

तेव्हां क्रम असा असावा. प्रथम आपलें इंजिन उघडून नुकसान किती तें पाहावें. हेडापुरतेंच असेल तर दुरुस्ती करावी. ब्लॉक व क्रँक निरोगी असून रिंगा-पिस्टन झिजले असतील तर बोअर करून इंजिन नवें करून घेण्याचा भाव काढावा. ब्लॉकच गेला असेल तर जुन्या इंजिनाचा विचार करावा, आणि वरील पांच प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून तें गाडींत उतरवूं देऊं नये. खर्च गाडीच्या आजच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक जात असेल तर गाडीच काढून टाकण्याचा विचार करावा. आणि हें ठरवीत असतां घरांतील निकडीकरितां भाड्याच्या गाडीची सोय पहिल्याच दिवशीं करावी, म्हणजे निकड आपल्यास घाई करविणार नाहीं.

आमच्या घरीं आतां मोटारीचीं सर्व बिलें सातबाऱ्याच्या उताऱ्यांच्या दप्तरांतच बांधून ठेवण्याची रीत पडली आहे. पुतण्या स्वतः तीं लावून ठेवतो. टेन्शनरचें बिल सर्वांत वर आहे.